मिलाची बाजू

रविवार, ४ जून १९७८

पपांना मातीआड करून चार दिवस झाले आणि माझा फ्रिज अजून गावाच्या भांड्यांनी भरलेला आहे. टॅनर्स फेरी या आमच्या गावात कुणी वारलं की शेजारी बटाट्याचं सॅलड आणून देतात. पपा गेले म्हणून हॅमही आलं, आणि तेही इतकं की व्हर्न काल म्हणाला, आता ते डुक्कर उठून आपल्या पायांनी परत गेलं तर बरं होईल. नवऱ्याची असली बोलणी मी तीस वर्षं ऐकतेय. काल मात्र हसता हसता रडू फुटलं.

मी शाळेच्या कँटीनची मुख्य स्वयंपाकीण. रोज काय शिजलं आणि काय उरलं एवढंच लिहायची मला सवय. पण सध्या डोक्यात पसारा झालाय, आणि पसारा मला बघवत नाही, म्हणून ही वही.

पपा म्हणजे लिओ व्होंड्राचेक. पेंडीचं दुकान चालवायचे आणि 'बार्जमेन' या बेसबॉल संघाचे चाळीस वर्षं मालक होते. संघ कसला, तर सगळ्यात खालच्या पायरीवरचा. एकोणीस-वीस वर्षांची पोरं येतात, वर्ष-दोन वर्षं नदीकाठच्या आमच्या पार्कात खेळतात, नशीब असेल तर वर चढतात, नसेल तर घरी जातात. पूर्वी ती पोरं आमच्याकडेच राहायची. आईच्या हातचं खाऊन अशी सुटायची की धाव घेताना धापा टाकायची. कुणाचं घर जळो, कुणाचं तान्हं आजारी पडो, पपा टोपी हातात घेऊन दारात हजर. साठ साली नदी गावात शिरली तेव्हा त्यांनी आधी लोकांची घरं उभी केली. पार्काचं मागाहून बघू म्हणाले. मातीच्या दिवशी चर्चमध्ये जागा पुरली नाही, माणसं रस्त्यापर्यंत उभी होती.

हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी त्यांनी माझं मनगट धरलं. माझा धाकटा भाऊ रे पलंगाच्या पलीकडे उभा होता. पपा म्हणाले, "मार्ली, मिलाच्या बाजूला कुणाला बसवू नकोस." एवढंच. मिला म्हणजे आमची आई. मला वाटलं होतं, माझ्यासाठीही काही बोलतील. इतकी वर्षं सूप भरवलं मी त्यांना. असो.

मुख्य स्टँडच्या डावीकडे एक वेगळा, जुना लाकडी स्टँड आहे. आई चर्चमधल्या बायकांचा घोळका घेऊन तिथे बसायची. साठच्या फेब्रुवारीत ती गेली, मार्चअखेर नदीचं पाणी पार्कात आलं, आणि एप्रिलमध्ये हंगाम सुरू झाला तेव्हा पपांनी त्या स्टँडच्या जिन्याला साखळी लावून पाटी टांगली, 'ही मिलाची जागा'. तेव्हापासून तिथे कुणी बसलेलं नाही. दर हंगामाच्या पहिल्या दिवशी पपा एकटे वर जायचे, कडेकडेनं, कठडा धरून, आणि तिच्या बाकावर एक कोलाचे, म्हणजे आलूबुखाराचं सारण भरलेला गोड पाव, ठेवून यायचे. चर्चच्या बायका दर वर्षी न चुकता रडायच्या. एकदा एक दारुडा साखळी ओलांडून वर चढला, तर ज्या माणसानं आयुष्यात कुणावर आवाज चढवला नाही त्यानं त्याला गचांडी धरून खाली ओढला. गाव म्हणालं, प्रेम करावं तर असं.

गुरुवार, ८ जून

लीगच्या अध्यक्षांचा फोन. आधी दहा मिनिटं पपांचं कौतुक, मग मुद्दा. लिओ होता म्हणून संघ तुमच्या गावात राहिला, आता स्टँड अर्धे रिकामे असतात, एका मोठ्या शहरानं मागणी घातलीय. गोड बोलून मान कापणारी जात. १५ जुलैला स्वतः येऊन बघणार म्हणाले. मी म्हटलं, जरूर या, तुम्हाला टोपी ठेवायलाही जागा मिळायची नाही.

फोन ठेवला आणि मग कळलं मी काय बोलून बसले. पपांनी संघ रेच्या आणि माझ्या नावे केलाय, पण कारभार माझ्या गळ्यात. आता मीच हा संघ गावाबाहेर घालवला असं व्हायला नको. म्हणून ठरवलं, १५ तारखेला पपांच्या आठवणीची संध्याकाळ. जुने खेळाडू, चर्चचा गायनवृंद, आसपासची गावं, सगळ्यांना बोलवायचं. खेळानंतर सगळ्यांना जेवण.

एवढी माणसं मुख्य स्टँडमध्ये मावणार नाहीत. मिलाची बाजू उघडावी लागणार. हे वाक्य मी दोनदा खोडून पुन्हा लिहिलं.

पण मी आईचाही विचार करते. आई गर्दीतली बाई. एकटीनं जेवायची वेळ आली तर कुंपणावरून शेजारणीला हाक मारायची. तिला अठरा वर्षं एकटं बसवून ठेवलं पपांनी. ते त्यांचं दुःख होतं, तिची हौस नव्हे. हे मी त्यांना जिवंतपणी सांगायला हवं होतं.

सोमवार, १२ जून

रे टपाल वाटता वाटता मागच्या दारानं आला, खांद्यावर पिशवी तशीच. मी कॉफी ओतली आणि सांगून टाकलं. त्यानं कपाला हात लावला नाही.

"पपा काय म्हणाले ते तूही ऐकलंस."

"ऐकलं. त्यांनी अठरा वर्षं दुःख कुरवाळलं, कुणी अडवलं का? आता संघ जायची वेळ आलीय."

"ती आईची जागा आहे, मार्ली. तिची तिकिटं विकणार तू?"

"आईची जागा टेकडीवर दफनभूमीत आहे."

हे मी बोलायला नको होतं. आई गेली तेव्हा रे सैन्यात होता, जर्मनीत. त्याला यायला मिळालं नाही. त्याच्यासाठी टेकडीवर नुसता दगड आहे. आई आहे ती त्या बाकावर. प्रत्येक खेळाला तो मुख्य स्टँडच्या अगदी डाव्या टोकाला बसतो, त्या रिकाम्या बाकांच्या शेजारी. हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरी तोंडातून निघालं.

तो उठला. म्हणाला, "मी येणार नाही. जोआन येणार नाही, पोरं येणार नाहीत. बापाचा शब्द मोडून बापाची आठवण साजरी करा तुम्ही." आणि आमचं टपाल द्यायचंही विसरून गेला.

व्हर्न म्हणतो दोन दिवसांत गार होईल. व्हर्नला व्होंड्राचेक अजून कळलेले नाहीत.

शनिवार, १७ जून

आज मिलाच्या स्टँडखालचं दार उघडलं. किल्ली पपांच्या जुडग्यात होती, तिथे फक्त तेच जायचे. हिवाळ्यात तासन्‌तास आत असत. मी थर्मासमधून सूप घेऊन जायची तेव्हा आतून ठोकाठोकीचा आवाज यायचा. मी हाक न मारता थर्मास दाराशी ठेवून परतायची. मला वाटायचं, बायको गेलेल्या माणसाला कशावर तरी घण घालावासा वाटत असेल, घालू दे.

आत दिवा लावला आणि कपाळाला हात लावला. रेल्वेच्या रुळांखाली घालतात ते लाकडी स्लीपर, शेकड्यांनी. रेल्वेच्या यार्डातले त्यांचे दोस्त दर शरदात एक ट्रक भरून टाकून जायचे, हे ठाऊक होतं. जातात कुठे ते आज कळलं. दोन आडवे, त्यावर दोन उभे, पुन्हा दोन आडवे, अशा चौकोनी थप्प्या, जमिनीपासून थेट वरच्या तुळयांपर्यंत. पाय ठेवायला जागा नाही. मधेमधे स्लीपरवर गाडी उचलायचे जॅक उभे करून ठेवलेले, गंजून लाल झालेले. जॅक ठेवायची ही काय पद्धत? पण पपा लोणच्याच्या बरण्या पलंगाखाली ठेवायचे, आणि आमच्या कोठारात वाकड्या खिळ्यांचे डबे छपराला लागलेत. मंदीत तरुणपण गेलेली माणसं, त्यांच्या हातून काही टाकवत नाही.

जागा मात्र झकास आहे. वारा-पाऊस लागत नाही, नळ जवळ. सगळं काढून झाडलं की इथेच शेगड्या आणि वाढायची टेबलं मांडता येतील. वर लोक खेळ बघतील तोवर खाली चर्चच्या बायका हॅम कापतील आणि गव्हाचे डंपलिंग उकडतील. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच बाह्या वर सारल्या.

शनिवार, २४ जून

संघ बाहेरगावी खेळायला गेलाय, म्हणून आजच उरकलं. व्हर्नचा ट्रक, साखळदंड, घण आणि त्याचे दोन भाऊ. स्लीपर इतके घट्ट बसलेले की सगळ्यात वरचा घणाशिवाय हलेना. पपा काय घट्ट रचायचे! एकदा थप्पी सैल झाली की बाकीचे भराभर निघत होते.

दुपारी व्हर्न थांबला, वर बघत म्हणाला, "मार्ली, ही थप्पी तुळईला टेकलीय बघ."

"टेकणारच. पपांनी कधी वीतभर जागा वाया घालवलीय का? कोठारात बघ, छपरापर्यंत आहे."

"टेकलीय का टेकवलीय?"

"स्टँड त्यांच्याही आधीपासून उभा आहे, व्हर्न. तेव्हा कुठे होते स्लीपर?"

त्यानं खांदे उडवले आणि घण उचलला. वाद घालायचा नसतो हे तो लग्नानंतर लवकरच शिकला.

शेवटची थप्पी निघाली तेव्हा वरून एक लांबलचक कुरकुर ऐकू आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि थांबली. डोक्यावर धूळ पडली. व्हर्नचे भाऊ बाहेर पळाले. मला हसू आलं. म्हटलं, जुनं लाकूड आहे, अठरा वर्षांनी अंग मोकळं करतंय.

मग मी झाडायला घेतलं. खांबांच्या बुडाशी पिवळ्या भुशाचे ढीग होते, पपांच्या सुतारकामाचा असणार. पण सुतारकामाचा भुसा खरखरीत असतो, हा मैद्यासारखा बारीक. बादल्या भरभरून नदीत टाकला. खांबांना खाली त्यांनी पत्रा गुंडाळून वर डांबर फासलंय. उंदरांसाठी असेल. एका पत्र्यावर झाडूचा दांडा आपटला तर डब्यासारखा पोकळ वाजला.

संध्याकाळी दारात उभी राहून बघितलं. स्वच्छ, मोकळी, लांबच लांब जागा. असं समाधान मला कँटीनच्या शेवटच्या दिवशीही मिळत नाही.

सोमवार, २६ जून

स्लीपरचं काय करायचं हा प्रश्न पडायच्या आतच सुटला. काल चर्च सुटल्यावर मी सहज म्हटलं की पपांनी जपलेलं लाकूड आहे, आठवण म्हणून ज्याला हवं त्यानं न्यावं. दुपारपर्यंत पार्काच्या फाटकाशी गाड्यांची रांग. कुणी फुलझाडांच्या वाफ्याला, कुणी अंगणातल्या पायरीला. साठच्या पुरात जिचं घर पपांनी पुन्हा बांधून दिलं ती म्हातारी सिडोनिया स्वतः नातवाला घेऊन आली. म्हणाली, लिओनं माझ्या डोक्यावर छप्पर घातलं, आता त्याचं लाकूड माझ्या दारात राहील. जॅक गॅरेजवाल्यानं नेले.

आता गावात प्रत्येक अंगणात पपांचा एकेक तुकडा आहे. हे मला त्यांना सांगता आलं असतं तर!

रेच्या घरून कुणी आलं नाही.

शनिवार, १ जुलै

हॅरल्ड स्टेंगर येऊन गेला. गावातल्या इमारती तपासायचं काम त्याच्याकडे. दर एप्रिलला पपा त्याला जेवू घालायचे, सगळा पार्क फिरवायचे आणि मिलाच्या साखळीपाशी आले की हॅरल्ड टोपी काढून दोन मिनिटं उभा राहायचा आणि पुढे जायचा. आज मी साखळी काढून म्हटलं, जा वर, बघ. तो पहिल्या पायरीवर पाय ठेवून थबकला. चेहरा असा की जणू चर्चच्या वेदीवर चढायला सांगितलंय.

"लिओनं इतक्या वर्षांत मला वर येऊ दिलं नाही, मार्ली. आता तो नाही म्हणून मी त्याच्या बायकोच्या जागेत बूट घालून हिंडू?"

"कागदावर सही लागते ना?"

"लिओ स्वतः बघायचा ना याच्याकडे?"

मी म्हटलं, जिवापाड. तो म्हणाला, मग झालं. अ‍ॅपल पायचे दोन तुकडे खाल्ले, सही केली आणि मिलाच्या बाजूची चार तिकिटं मागितली, बायको आणि दोन्ही सुनांसाठी. अशी माणसं आहेत म्हणून या गावात राहावंसं वाटतं.

मंगळवार, ११ जुलै

तिकिटं संपली. मिलाच्या बाजूची सगळ्यात आधी. ज्याला त्याला तिथेच बसायचंय.

आज बाकांना हिरवा रंग देऊन झाला. सगळे गेल्यावर मी आईच्या बाकाशेजारी कोरड्या फळीवर जरा टेकले. अठरा वर्षांनी तिथून मैदान पाहिलं. संध्याकाळचं ऊन डोळ्यांत येत नाही, नदीचा वारा लागतो. म्हणून तिनं ही जागा धरली होती. मला एकदम तिची इतकी आठवण आली की मी मोठ्यानं "आई" म्हटलं. वय चोपन्न!

जे खरं ते लिहायचं म्हणून लिहिते, काही गोष्टींनी वैताग आणलाय. रंगाचा रिकामा डबा फळीवर आडवा पडला तो आपोआप घरंगळत मधल्या बाकांपाशी जाऊन थांबला. खालचं दार लागेना झालंय. व्हर्ननं रंधा मारून बसवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा अडकलं. हवा फार दमट. मुख्य स्टँड आणि हा स्टँड यांच्यामध्ये पूर्वी बोट जाईल एवढी फट होती, आता अख्खा हात जातो. तिथे लाल-पांढऱ्या-निळ्या झालरी लावल्या, आता दिसत नाही. फळ्यांचे खिळे डोकी वर काढतात. काल मी एकेक ठोकून बसवले, आज पुन्हा वर. पपा असताना इथलं कधी काही बिघडलं नाही. सगळ्या वस्तू त्यांच्या हाताला ऐकायच्या, माझ्या हाताला ऐकत नाहीत.

क्षणभर मनात आलं, त्यांचा शब्द मोडला म्हणून हा स्टँड माझ्यावर रुसलाय का? व्हर्नला सांगितलं तर तो हसला नाही, हे मला आवडलं नाही. म्हणाला, बाक मधे थोडे खाली गेल्यासारखे दिसतात, एखादा जाणकार बोलवूया का शहरातून. चार दिवसांवर सगळं आलेलं असताना! मी म्हटलं, हॅरल्डनं सही केलीय, लोक बसले की फळ्या आपोआप जागच्या जागी बसतील.

मला खरी टोचणी दुसरीच आहे. त्या एवढ्या गर्दीत पपांचा मुलगा नसेल. लोक विचारतील आणि मी काय सांगू?

शुक्रवार, १४ जुलै

आईच्या पद्धतीचे कोलाचे केले आणि रेच्या घरी गेले. बोलावणं नसताना. जोआननं दार उघडलं, पोरं माझ्या गळ्यात पडली. पाच पोरं म्हणजे घरात बाजारच. रे स्वयंपाकघरात बसला होता, उठला नाही.

मी माफी मागितली, दफनभूमीबद्दल बोलले त्याची. तो म्हणाला, ठीक आहे, पण यायचं तेवढं म्हणू नकोस. मग मी त्याला ती गोष्ट सांगितली. आजवर सांगितली नव्हती, कारण त्याच्या जखमेवर मीठ पडेल असं वाटायचं.

आईचा शेवटचा उन्हाळा. तेव्हाच ती खंगली होती. प्रत्येक खेळाला ती शेजारच्या जागेवर आपली पर्स ठेवायची. स्टँड भरला, लोक जिन्यात उभे राहिले तरी उचलायची नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "ही माझ्या रेची जागा आहे. तो जर्मनीहून यायचाय." अख्खा हंगाम.

रे टेबलाकडे बघत राहिला.

मी म्हटलं, "पपांनी आईची जागा राखली, सगळ्या गावानं पाहिलं. आईनं तुझी राखली ते कुणी पाहिलं नाही. ती अजून रिकामी आहे, रे. तू येऊन बसल्याशिवाय ती भरणार कशी?"

जोआननं त्याच्या पाठीवर हात ठेवला. धाकटीनं माझ्या मांडीवर कोलाचेचा चुरा केला होता, तो मी उगाच वेचत राहिले. शेवटी तो म्हणाला, "मोठ्या तिघांना जागा लागेल. धाकटे दोघं आमच्या मांडीवर बसतील."

मी ती तिकिटं पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवली होती. मधला बाक, आईचाच. त्याच्या हातात दिली. निघताना दारात त्यानं मला मिठी मारली, पपा गेल्यापासून पहिल्यांदा. गाडीत बसून मी हमसून हमसून रडले आणि मग गाणं म्हणत घरी आले.

पपांच्या मनात काही राग असलाच तर तो आता गेला असेल. मुलं एकत्र आली, आणखी काय हवं असतं बापाला?

शनिवार, १५ जुलै

दुपार. केस वाळेपर्यंत चार ओळी.

आकाश स्वच्छ, ढगाचा ठिपका नाही. सकाळपासून गावात परक्या गाड्या. पपांची म्हातारी झालेली पोरं आलीत, एकाची ढेरी अशी की आईनं पाहिलं असतं तर धन्य झाली असती. अध्यक्षांना मुख्य स्टँडमध्ये खुर्ची हवी होती. मी म्हटलं छे, मानाची जागा मिलाच्या बाजूला, आईच्या मैत्रिणींच्या मधोमध. कान किटेपर्यंत ओरडून दाखवतील त्यांना हे गाव काय आहे ते. तीही तयार झाली स्वारी.

खालच्या शेगड्या पेटल्यात. दार आता अर्धंच उघडतं, तेही व्हर्ननं खांद्यानं रेटल्यावर. बायका आडव्या होऊन एकेक आत शिरल्या आणि कोण अडकली, कोण नाही यावर हसून हसून बेजार. व्हर्न जेवणं होईपर्यंत आतच थांबणार. सकाळी तो दोनदा बाहेर येऊन वर बघून गेला. मी म्हटलं, आभाळाकडे बघून पाऊस येत नसतो, हॅमकडे बघ. त्यानं माझ्या गालाचा पापा घेतला, भर पार्कात, आणि आत गेला.

रेचा फोन येऊन गेला. पोरांना आंघोळी घातल्या, निघतायत. मी चेष्टेनं म्हटलं, तुझ्या त्या देहाला आईचा बाक पेलेल ना? तो हसला. मला त्याचं हसू ऐकून किती महिने झाले होते.

सातव्या डावाच्या मध्यावर आमच्याकडे सगळे उठून उभे राहतात आणि लाकडी फळ्यांवर पाय आपटतात. पपांना तो आवाज फार आवडायचा. मिलाच्या बाजूनं तो अठरा वर्षांत आलेला नाही. आज मी मैदानाच्या मध्यभागी माइक घेऊन उभी राहीन. कुणी म्हणालं, आधी मुख्य स्टँड, मग मिलाची बाजू, असं आळीपाळीनं घेऊ. मी म्हटलं, मुळीच नाही. मी हात वर करीन, सगळ्यांनी उठायचं, चिल्ल्यापिल्ल्यांनीसुद्धा, आणि हात खाली आणला की सगळ्यांनी एकदम, आहे तेवढ्या जोरानं. पपांना वर ऐकू गेलं पाहिजे.